फसलेल्या चित्रावर थर चढवताना

चित्र फसलं की त्यावर काहीतरी चिकटवायची घाई होते. वर्तमानपत्राचा तुकडा, लेस, सोनेरी रंगाचा एखादा फटकारा. त्याने चित्र वाचत नाही, नुसतं गजबजतं. मिक्स मीडियाने (एकाच चित्रात वेगवेगळी साधनं वापरून) चित्र सावरतं ते बहुतांशी झाकल्यामुळे. पातळ रंग, कागद, पेस्ट ही सगळी कमी-जास्त झाकण्याची साधनं आहेत, आणि काय, कुठे, किती झाकायचं हे ठरवणं हा या कामाचा खरा अवघड भाग. हात चालवणं त्यामानाने सोपं.

उदाहरणासाठी एक नेहमीचं चित्र घेऊ. १६ × २० इंचांचा कॅनव्हास, ॲक्रिलिक रंग, कोकणातलं कौलारू घर. डावीकडे दोन माड, पुढे अंगण, मागे डोंगर. सगळं ओळखू येतं, तरी चित्रात जीव नाही. हिरवे रंग एकाच वजनाचे (सारखेच गडद), आभाळ ट्यूबमधून थेट काढलेल्या निळ्याचं, आणि अंगणाची माती रंग ढवळून ढवळून राखाडी झालेली.

आधी खालचा रंग कोणता ते बघा

वर काय धरेल हे खालच्या रंगावर ठरतं. चित्र जुनं असेल आणि माध्यम आठवत नसेल, तर फ्रेमखाली जाणाऱ्या कडेवर चाचणी घ्या. कान साफ करायची कापसाची काडी पाण्यात भिजवून दहा-बारा वेळा फिरवा. रंग लगेच कापसावर आला तर जलरंग, पोस्टर कलर किंवा गवाश (अपारदर्शक जलरंग). नाही आला तर दुसरी काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये (औषधाच्या दुकानात मिळतं) बुडवून अर्धा मिनिट फिरवा. रंग चिकट होऊन सुटायला लागला तर ॲक्रिलिक. दोन्हींना दाद दिली नाही तर बहुधा पक्का वाळलेला तैलरंग.

तैलरंग निघाला तर रस्ता इथेच बदलतो. तैलरंगाच्या थरावर ॲक्रिलिक, जेसो (रंगाआधी द्यायचा पांढरा अस्तराचा लेप) किंवा पाण्यातला गोंद कायमचा धरत नाही. सुरुवातीला घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण पुढे कधीतरी पापुद्र्याने सुटतो. त्यामुळे तैलचित्र सावरायचं तर वरचे थरही तेल-मेणातलेच हवेत: कोल्ड वॅक्स मीडियम (मेणाची मऊ पेस्ट) मिसळलेला तैलरंग, ऑइल स्टिक, अल्किड मीडियममध्ये (तैलरंग लवकर वाळवणाऱ्या द्रवात) बसवलेला पातळ कागद. उलट दिशेने अडचण नाही, ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो. म्हणून क्रम कायमचा लक्षात ठेवायचा: पाण्यातलं आधी, तेल आणि मेण शेवटी.

जलरंग आणि पोस्टर कलर पाण्याने पुन्हा विरघळतात. त्यांच्यावर ॲक्रिलिक मीडियमचा (रंगात मिसळायच्या आणि चिकटवायच्या, वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या द्रवाचा) ब्रश फिरवला की खालचा रंग वर येतो आणि सगळं गढूळ होतं. आधी फिक्सेटिव्ह (रंग जागेवर धरून ठेवणारा स्प्रे) किंवा ॲक्रिलिक वार्निशच्या स्प्रेचे तीन हलके हात द्या, फूटभर अंतरावरून, प्रत्येक हातानंतर पंधरा मिनिटं थांबून. खालचा कागद ३०० जीएसएमपेक्षा (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) पातळ असेल तर चित्र आधी एमडीएफच्या बोर्डावर चिकटवून घ्या, नाहीतर ओल्या थरांनी त्याला लाटा येतात आणि त्या पूर्ण कधीच बसत नाहीत.

बॉलपेन, स्केचपेन किंवा अल्कोहोल मार्कर वापरलेला असेल तर सावध राहा. यांची शाई पांढऱ्या ॲक्रिलिकमधून आणि जेसोमधूनही झिरपून वर येते. दोन हात दिले, तीन दिले तरी जांभळट रेघ डोकावते. असा भाग रंगाने झाकायच्या भानगडीत न पडता त्यावर जाड कागद बसवा.

रोग शोधा, मग औषध

फोनवर चित्राचा फोटो काढून तो कृष्णधवल करा. आपल्या उदाहरणात घर, माड, डोंगर आणि अंगण एकाच राखाडीत बुडतात, फक्त आभाळ वेगळं दिसतं. म्हणजे तक्रार हिरव्याची वाटत होती, पण दोष उजेड-अंधाराचा निघाला. हौशी चित्रं फसण्याचं हे सगळ्यात मोठं कारण, आणि नवा रंग देऊन ते सुटत नाही, कारण नवा रंगही पुन्हा त्याच मधल्या राखाडीत जाऊन बसतो.

मग चित्र उलटं करून बघा, पायथा वर. घर-झाड ही नावं पुसली जातात आणि नुसते आकार उरतात. कुठला आकार विनाकारण ओढतोय ते लगेच कळतं. आपल्या चित्रात दोन माडांची खोडं डावी कड उभी कापतात आणि नजर तिथेच अडकते.

एक दोष मात्र थरांनी सुटत नाही, तो रेखाटनाचा. व्यक्तिचित्रातला चेहरा साधलेला नसेल तर भोवती कितीही सुंदर कागद लावा, बघणारा चेहऱ्याकडेच बघणार. अशा वेळी चेहराच झाकायची तयारी हवी. ती नसेल तर पूर्ण कॅनव्हास घासून, जेसोचे दोन हात देऊन कोरा करून घ्यावा. यात कमीपणा काही नाही. पिकासोच्या १९०३-०४ मधल्या म्हाताऱ्या गिटारवाल्याच्या चित्राखाली एका स्त्रीचं आधीचं चित्र आहे, क्ष-किरण तपासणीत ते दिसलं.

आता काय ठेवायचं. पुठ्ठ्याच्या दोन इंच रुंद पट्ट्यांचे इंग्रजी एल आकाराचे दोन तुकडे कापा आणि त्यांची लहान-मोठी होणारी चौकट चित्रावर सरकवत राहा. जिथे ‘हे बरं आहे’ असं वाटेल तिथे थांबा. इथे तो भाग सापडतो छपराच्या उजव्या कोपऱ्यात: कौलांची तांबूस कड आणि तिच्याखाली पडवीतली गडद सावली. तेवढं ठेवायचं. एकूण चित्राच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त ठेवायचा मोह झाला तर तो दुरुस्ती नको असल्याचाच प्रकार. आणि ज्या भागावर सगळ्यात जास्त वेळ गेला, तोच बहुधा घालवावा लागतो. इथे माडांच्या झावळ्या एकेक करून काढल्यात, म्हणूनच त्या सोडवत नाहीत. त्या जाणार.

रंग लावण्याआधी योजना करून बघायची युक्ती सोपी आहे. पुस्तकांना घालतात ते पारदर्शक प्लास्टिक कव्हर चित्रावर ताणून बसवा आणि त्यावर ॲक्रिलिकनेच मोठे आकार टाकून बघा. पटलं नाही तर ओल्या फडक्याने पुसा. किंवा पांढऱ्या, करड्या आणि काळ्या कागदाचे तुकडे फाडून न चिकटवता मांडा, प्रत्येक मांडणीचा फोटो घ्या. पाच-सहा मांडण्या फोनवर शेजारी ठेवून बघितल्या की निवड आपोआप होते.

पृष्ठभाग

या आकाराच्या चित्राला लागणारं साहित्य फार नाही: जेसो १०० मिली, ॲक्रिलिक मॅट मीडियम २५० मिली, मॉडेलिंग पेस्टचा छोटा डबा, ग्लेझिंग मीडियम, ३२० आणि ४०० नंबरचा वॉटर पेपर (ओला वापरायचा सँडपेपर), एक आणि दोन इंची चपटे मऊ ब्रश, बटर पेपर, पाण्याची फवारणी बाटली आणि जुनं एटीएम कार्ड.

चित्राला पूर्वी वार्निश केलं असेल तर ते आधी काढावं लागतं, कारण पिक्चर वार्निशवर पाण्यातले थर घसरतात. ते कशाने निघतं हे बाटलीवर लिहिलेलं असतं, बहुधा मिनरल टर्पेंटाइन. कापसाच्या बोळ्याने थोड्या थोड्या जागेवर, खिडकी उघडी ठेवून करा. वार्निश नसेल तर नुसत्या ओलसर फडक्याने धूळ पुसा. ॲक्रिलिकचा थर किंचित मऊ राहतो आणि धूळ, स्वयंपाकघरातला तेलकटपणा धरून ठेवतो, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

नंतर घासणं. वॉटर पेपर पाण्यात भिजवा, पाण्यात भांडी धुण्याच्या लिक्विडचा एखादाच थेंब, आणि गोल गोल हलका हात. रंगाचे उंचवटे ३२० ने खाली आणायचे, बाकी भागाची फक्त चमक मोडायची. कोरडं घासू नका. कॅडमियमसारखी रंगद्रव्यं धुळीतून नाकात जाणं वाईट, ओल्या घासण्यात धूळच उडत नाही. घासून झालं की दोनदा स्वच्छ पुसा आणि वाळू द्या.

कॅनव्हास ताणलेला असेल तर मागे, लाकडी चौकटीच्या आत, पुठ्ठे किंवा जुन्या वह्यांची थप्पी ठेवून पोकळी भरा. पुढे कागद दाबताना कॅनव्हास खाली गेला तर कागदाखाली हवा राहते आणि चौकटीच्या आतल्या कडेची रेघ समोर उमटते.

पडदा

पहिला थर सगळ्यांना एकत्र आणण्याचा. एक चमचा (चहाचा, म्हणजे साधारण ५ मिली) टायटॅनियम व्हाइट, पाव चमचा यलो ऑकर, तीन चमचे मॅट मीडियम, एक चमचा पाणी. १६ × २० इंचाला एका हातापुरतं होतं. पाणी याहून फार वाढवलं तर रंगाला धरून ठेवणारा ॲक्रिलिकचा अंश विरळ होतो आणि वाळलेला थर बोटाने घासला तरी उतरतो. पातळपणा हवा असेल तर मीडियम वाढवा, पाणी नाही.

यलो ऑकर कशाला? पांढऱ्याचा पातळ थर गडद रंगावर बसला की निळसर, थंड दिसतो. ऑकरने तो उबदार होतो. लाल मातीच्या, कौलांच्या चित्रात थंड पांढरा फार बोचतो.

दोन इंची ब्रशने अर्ध्या कॅनव्हासवर लावा आणि दोन-तीन मिनिटांत, ओला असतानाच, ठेवायच्या भागावरून जुन्या मलमलीच्या फडक्याने पुसून घ्या. मग उरलेला अर्धा. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात ॲक्रिलिक बघता बघता वाळतं, तिथे पंखा बंद, फवारणी हाताशी, आणि अर्ध्याऐवजी चतकोर भाग घ्या. अर्धवट वाळलेल्या थरावर पुन्हा ब्रश मारला तर तो गोळे होऊन उचकटतो. तसं झालंच तर हात थांबवा, पूर्ण वाळू द्या, ४०० ने घासा आणि मग पुढचा हात.

हिरव्यांचा वेगळा इलाज आहे. पाव चमचा बर्न्ट सिएना तीन चमचे ग्लेझिंग मीडियममध्ये मिसळून फक्त हिरव्या भागांवर फिरवा. तांबूस थर हिरव्याचा कर्कशपणा मारतो आणि सगळे हिरवे शेवाळी होऊन एका कुळातले दिसतात. डोंगरावर एक हात, घराजवळच्या झाडीवर तीन हात. इतक्यानेही अंतर पडायला लागतं.

पडदा वाळला की दोन मोठे अपारदर्शक आकार. आभाळ आणि अंगण हे दोन्ही फिकट, एकाच रंगातले: पांढरा, थोडा ऑकर, किंचित मूळ निळा. माडांची खोडं या फिकट रंगाखाली जातात. आता चित्रात तीनच वजनं आहेत: फिकट मोकळी जागा, मधलं शेवाळी, आणि पडवीची गडद सावली. कृष्णधवल फोटो पुन्हा घ्या. इथे तिन्ही वेगळी दिसत नसतील तर कागदाकडे जाऊ नका. पाया चुकीचा ठेवून कोलाज केलं तर नंतर ते उपसताना कॅनव्हासही जातो.

कागद

कागद निवडताना आधी टिकाऊपणा. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या लिग्निनमुळे पिवळा आणि ठिसूळ होतोच. मीडियमचा लेप दिला तरी उन्हातला पिवळेपणा थांबत नाही. मजकूर हवा असेल तर त्या पानाची चांगल्या कागदावर लेझर किंवा झेरॉक्स प्रत काढा. इंकजेट प्रिंट नको, मीडियम लागताच बहुतेक शाया पसरतात. पतंगाच्या कागदाचा रंग ओला होताच सुटतो. कधी तो डाग हवाहवासा असतो, पण उन्हाने फिका पडणार हे धरून चाला. भरवशाचे म्हणजे हातकागद, पांढरा टिश्यू आणि स्वतः ॲक्रिलिकने रंगवलेले कागद. हातकागदासाठी पुण्यात शिवाजीनगरला हॅन्डमेड पेपर इन्स्टिट्यूट आहे. तिथले सुती चिंध्यांपासून केलेले कागद ओलं-सुकं चांगलं सोसतात.

स्वतः रंगवलेले कागद सगळ्यात उपयोगी, कारण त्यात चित्रातलाच रंग असतो. पॅलेटवर उरलेला रंग फेकू नका. साध्या कागदावर रोलरने, सुक्या ब्रशने, फडक्याने ओढून ठेवा. असे पाच-सात तुकडे साठले की कोलाज परकं वाटत नाही. छापील चित्राचं उलट आहे. चित्रकार भूपेन खक्कर यांनी १९६० च्या दशकात देवादिकांची छापील चित्रं कोलाजमध्ये वापरली, तेव्हा ती छापील चित्रं हाच त्या कामांचा विषय होता. तुमच्या कोकणातल्या घराशेजारी छापील गणपती चिकटवला तर घर संपलं, चित्र गणपतीचं झालं. खणाचे आणि पैठणीच्या काठाचे तुकडे याच कारणासाठी जपून वापरावेत. काठाची नक्षी आजूबाजूच्या सगळ्या हळव्या रंगांना गिळते. मांजरपाटाचा किंवा विरलेल्या मलमलीचा तुकडा मात्र पोत देतो आणि गप्प राहतो.

फाडलेली कड बहुधा कापलेल्या कडेपेक्षा बरी मिसळते. छापील किंवा रंगवलेला कागद फाडला की दोनपैकी एका तुकड्याला पांढरी किनार येते. फाडताना ओढण्याची दिशा उलटी केली की ती दुसऱ्या तुकड्यावर जाते, रद्दीवर एकदा करून बघा. हातकागदाला तंतूदार कड हवी असेल तर ओल्या ब्रशने रेघ ओढा, मिनिटभर थांबा आणि दोन्ही बाजूंनी हळूच ताणा.

चिकटवायला मॅट मीडियम. फेविकॉलसारखा पांढरा गोंद पुठ्ठ्यावर कागद बसवायला ठीक आहे, पण कॅनव्हासवर, आणि त्यातही वरून लेप म्हणून, नको. वाळलेला थर दमटपणात पुन्हा मऊ पडतो. गव्हाच्या पिठाची खळ तर किनारपट्टीवर मुळीच नको. कसर आणि झुरळं ती शोधत येतात. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात ते यासाठीच, पण त्याचा हिरवट डाग चित्रात परवडत नाही.

पद्धत अशी. कागद साधारण १०० जीएसएम किंवा जाड असेल तर दोन्ही बाजूंनी पाण्याची फवारणी करून मिनिटभर ठेवा. कागद ओला झाला की फुगतो. तो फुगणं आधीच उरकून घेतलं तर चिकटल्यावर सुरकुत्या पडत नाहीत. कॅनव्हासवर मीडियमचा थर, कागदाच्या पाठीवर थर, मग एका कडेपासून हळूहळू टेकवत आणा. वर बटर पेपर ठेवून एटीएम कार्डाने मधून बाहेर, चारी दिशांना, दाबत जा. कडेला आलेलं मीडियम लगेच पुसा. आता कागदाच्या वरून मीडियमचा एक हात. टिश्यू मात्र भिजवू नका, हातातच विरघळतो. कॅनव्हासवर मीडियम लावून तो कोरडाच सोडायचा आणि वरून मऊ ब्रशने एकदाच टिपायचं.

फुगा राहिला तर सुईने टोचा, भोकातून मीडियमचा थेंब आत ढकला, बटर पेपरवरून दाबा. कड उचलली गेली तर तिथे मीडियम कमी पडलंय. काडीने आत भरा आणि वजन ठेवा. बटर पेपर आणि वजन रात्रभर तसंच ठेवायचं असेल तर आधी तासभर उघड्यावर वाळू द्या, नाहीतर बटर पेपरच चिकटून बसतो.

आपल्या चित्रात तीनच कागद जातात. अंगणाच्या फिकट जागेत हातकागदाची आडवी रुंद पट्टी, डावी कड सोडून. डोंगराच्या जागी शेवाळी रंगवलेल्या टिश्यूचे दोन थर. आणि पडवीच्या सावलीला लागून जमिनीच्या जुन्या नकाशाच्या झेरॉक्सचा तळहाताएवढा तुकडा. तुकडे एकमेकांना किमान एका ठिकाणी तरी झाकू द्या. एकेकटे सुटे तुकडे चित्रावर तरंगत राहतात.

नकाशाच्या नुसत्या रेघा हव्या, कागद नको, तर ट्रान्सफर करा. झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट घ्या. अक्षरं असतील तर प्रतिमा आधी आरशातली करून, कारण ती उलटी उतरते. चित्रावर जेल मीडियमचा (घट्ट मीडियमचा) जाडसर थर, त्यात प्रिंट पालथी दाबून बसवा आणि पूर्ण एक दिवस वाळू द्या. मग कागदाच्या पाठीवर पाणी फवारा, दोन मिनिटांनी बोटाच्या पेराने गोल चोळत लगदा काढा. वाळल्यावर पांढुरकी साय उरलेली दिसते, पुन्हा भिजवा, पुन्हा चोळा. तीन-चार फेऱ्या लागतात. घाई केली की शाईही निघते. थोडी निघाली तर बिघडत नाही, अर्धवट उतरलेला नकाशा बहुतेक वेळा अख्ख्यापेक्षा चांगला दिसतो.

पोत

पोत जिथे नजर थांबायला हवी तिथेच. सगळीकडे दिला तर कुठेच दिसत नाही. आपल्या घरासाठी फक्त छपराची कड आणि अंगणाचा खालचा उजवा कोपरा.

मॉडेलिंग पेस्ट श्रीखंडाइतकी घट्ट असते. पॅलेट नाइफने एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच लावा. जाड लावली तर वरचा पापुद्रा आधी आकसतो, आत ओलं राहतं आणि तडे जातात. उंची हवी असेल तर पातळ थर वाळवत चढवा, उन्हाळ्यात एकेक दिवसाने आणि पावसाळ्यात दोन-तीन दिवसांनी. ओल्या पेस्टवर पन्हळी पुठ्ठ्याचा उघडा केलेला भाग दाबून उचलला की कौलांच्या ओळी तयार होतात. उचलताना चिकटत असेल तर पुठ्ठ्याला आधी पाण्याचा हात लावा.

भिंतीची पुट्टी कॅनव्हासवर वापरू नका, स्वस्त पडली तरी. ती कडक असते, कॅनव्हास हलला की फुटते. वाळू वापरायची असेल तर नदीची, धुऊन, वाळवून, पिठाच्या चाळणीने चाळून. समुद्राची वाळू घेतली तर मीठ निघून जाईपर्यंत गोड्या पाण्याने अनेकदा धुवावी लागते. मीठ राहिलं तर ते हवेतला ओलावा ओढत राहतं. याहून सोपी म्हणजे शिरगोळ्याची पांढरी रांगोळी: एक भाग रांगोळी, तीन भाग जेल मीडियम. दाणेदार, मातीसारखा पोत येतो आणि वर हवा तो रंग चढतो. बाजारातली रंगीत रांगोळी मात्र घेऊ नका, तिचे रंग उजेडात टिकत नाहीत. रांगोळीचे छाप पेस्टसाठी स्टेन्सिल म्हणून चालतात खरे, पण अंगणात कमळ उमटवायचा मोह आवरा.

रेघा आणि घासणं

कागद आणि पेस्ट पूर्ण वाळले की कोळसा, पेन्सिल, शाई, पेस्टल. ॲक्रिलिकचा गुळगुळीत थर कोळसा धरत नाही, म्हणून जिथे रेघ हवी तिथे क्लिअर (पारदर्शक) जेसोचा पातळ हात द्या, तो वाळल्यावर बारीक खरखरीत होतो. रेघ काढण्यासाठी घराची बाह्यरेषा गिरवू नका. आकाराच्या आतून सुरू होऊन कागदाच्या कडेवरून पलीकडे जाणारी रेघ थरांना शिवून घेते. छपराची एक तिरकी रेघ हातकागदावरून खाली अंगणात आणली तर वर-खालचे भाग जोडले जातात.

ऑइल पेस्टल सगळ्यात शेवटी, आणि थोडेच. ते पूर्ण वाळत नाहीत. त्यावर ॲक्रिलिक लावलं तर थेंब थेंब होऊन सरकतं, आणि बसलं तरी खरवडून निघतं.

घासून काढणं हाही एक थरच समजा. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवत आणि काढत कॅनव्हासवर काम करत. त्यांच्या चित्रांतली खोली जितकी लावलेल्या रंगाची, तितकीच उतरवलेल्या रंगाची. हौशी कामात हे उतरवणंच राहून जातं. ४०० चा ओला वॉटर पेपर वरच्या फिकट थरावर एकाच जागी फिरवा. खालून जुना निळा, शेवाळी, थोडं खोड डोकावू लागतं. हवं तिथे थांबा. दुसरा मार्ग अल्कोहोलचा: ताज्या, काही तासांपूर्वी वाळलेल्या ॲक्रिलिकवर आयसोप्रोपिलचे थेंब टाका, अर्ध्या मिनिटाने फडक्याने टिपा. गोलसर खिडक्या उघडतात. खालचा थर आठवडाभर जुना असेल तर तो फारसा हलत नाही, म्हणजे वरचाच निघतो. कागदाच्या कडाही अशाच घासून बुजवता येतात. कागद पांढरा पडला तर रंगाचा पातळ हात द्या.

आता पुन्हा कृष्णधवल फोटो. घराची तांबूस कड आणि सावली हेच सगळ्यात तीव्र विरोधाचं ठिकाण दिसायला हवं. नकाशाचा तुकडा जास्त ओढत असेल तर त्यावर पांढऱ्या-ऑकरच्या पडद्याचा एक हात. शेवटचा ठळक रंग एकच आणि एकाच जागी, तोही नखाएवढा. इथे कौलांखाली शुद्ध कॅडमियम ऑरेंज पुरे. सोनेरी-चंदेरी पत्रा लावायचाच असेल तर त्यावर वार्निश हवंच. नकली सोन्याचा पत्रा हवेने काळवंडतो, आणि मिठाईवरचा अस्सल चांदीचा वर्खही काही काळाने काळा पडतो.

शेवटचे लेप

कोळसा किंवा पेस्टल वापरलं असेल तर आधी फिक्सेटिव्हचा स्प्रे, नाहीतर ब्रशने सगळं पसरेल. नंतर दोन भाग ग्लॉस सॉफ्ट जेल आणि एक भाग पाणी मिसळून संपूर्ण चित्रावर एक सलग हात. कागद, रंग, पेस्ट यांची शोषण्याची ताकद वेगवेगळी असते. हा लेप ती सारखी करतो, आणि पुढे कधी वार्निश काढावं लागलं तर खालचे थर वाचवतो. ऑइल पेस्टल आलं असेल तर हा लेप त्यावर बसणार नाही. ते चित्र काचेत लावणंच बरं.

वार्निश एक-दोन आठवड्यांनी, जाड पेस्ट असेल तर आणखी उशिरा. मॅट फिनिश हवं असेल तर आधी ग्लॉसचा हात, मग मॅटचा फक्त एक. मॅट वार्निशमधली भुकटी दोन-तीन हातांत साचते आणि गडद सावल्या धुरकट होतात. जुलै-ऑगस्टच्या मुंबईत, रत्नागिरीत किंवा गोव्यात भर पावसाच्या दिवशी स्प्रे वार्निश मारू नका. हवेतला ओलावा अडकून पांढुरकी झाक येते. कोरडा दिवस बघा, किंवा सरळ गणपतीनंतर करा.

फ्रेम करताना काच आणि चित्र यांच्यात पट्टी टाकून अंतर ठेवायला सांगा, पोताचा भाग काचेला चिकटता कामा नये. मागून पूर्ण बंद पुठ्ठा न ठोकता खालच्या कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावा म्हणजे भिंत आणि चित्राच्या मध्ये हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. चौकटीच्या लाकडावर पेन्सिलीने लिहून ठेवा: खाली कोणता रंग, वर कोणतं मीडियम, वार्निश कोणतं आणि ते कशाने निघतं.